कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मराठी पुस्तक शोधायचं असेल तर

संशोधनाचा विषय नक्की झाला की मुलं माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, देशात छापलेलं प्रत्येक पुस्तक कोलकात्याला जातं ना? मग तिथे मिळेलच की." मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी हा प्रश्न सुटलेला नाही, आणि माझं उत्तरही बदललेलं नाही. प्रत्येक पुस्तक कोलकात्याला पाठवायचं हा कायदा १९५४ चा आहे. त्याआधीचं पुस्तक तिथे असेल की नाही, आणि असेल तर कुठल्या विभागात, हे त्या ग्रंथालयाच्या इतिहासावर ठरतं.

राष्ट्रीय ग्रंथालय कुणी एका आराखड्यानुसार बांधून भरलेलं नाही. १८३६ पासून वेगवेगळ्या वाटांनी पुस्तकं येत गेली. कंपनी सरकारच्या कॉलेजातून आली, सचिवालयाच्या कपाटांतून आली, विद्वानांच्या घरांतून आली आणि शेवटी कायद्याने आली. तुमचं पुस्तक यातल्या कोणत्या वाटेनं गेलं असेल हे घरी बसून ओळखायला शिका. मग हावड्याचं तिकीट काढा. हे न करता गेलेली मुलं चार दिवस संगणकासमोर बसून हात हलवत परत आलेली मी पाहिली आहेत. पुस्तक तिथेच होतं, फक्त त्यांनी शोधलं त्या नावाखाली नव्हतं.

आधी घरचा अभ्यास

पुस्तकाचं नाव, लेखकाचं पूर्ण नाव, छापखाना, गाव आणि साल एवढं कागदावर हवं. १९५० पर्यंतच्या पुस्तकासाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडा. पहिला भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. दात्यांनी उमेदीची वर्षं घालून केलेलं हे काम आहे आणि मराठीत संशोधन करणाऱ्या प्रत्येकावर त्यांचं ऋण आहे. सूची विषयवार लावलेली आहे, तेव्हा आधी विषयाचं पान काढा आणि तुमच्या पुस्तकाच्या आजूबाजूला काय काय आहे तेही उतरवून घ्या. शोधायला निघालेलं पुस्तक मिळालं नाही तर पुष्कळदा त्याच्या शेजारचं मिळतं आणि तेच जास्त उपयोगी ठरतं.

जुन्या पुस्तकांवर इसवी सन नसतो, शक असतो. शकात ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळात छापलेलं असेल तर ७९. म्हणजे शके १८०२ चं पुस्तक १८८० चं किंवा १८८१ चं. यादीत दोन्ही सालं लिहा. कॅटलॉग करणाऱ्यानं कुठलं धरलं असेल हे आपल्याला ठाऊक नसतं.

नियतकालिक हवं असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानं काढलेली दाते, काळे आणि बर्वे यांची मराठी नियतकालिकांची सूची बघा. मासिक कधी सुरू झालं, कधी बंद पडलं हे आधी समजलं, तर नसलेला अंक शोधण्यात वेळ जात नाही.

पहिली वाट: फोर्ट विल्यम आणि श्रीरामपूर

मराठी अभ्यासकानं कोलकात्याला का जावं, याचं सगळ्यात जुनं कारण इथे आहे. लॉर्ड वेलस्लीनं १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवायच्या होत्या. बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठी शिकवण्याचं कामही विल्यम कॅरीकडे आलं, आणि त्याच्या मदतीला नागपूरकडचे वैजनाथ शर्मा होते. छपाई व्हायची हुगळीकाठच्या श्रीरामपूरच्या मिशन प्रेसमध्ये. तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं. कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये तिथे छापलं गेलं आणि मराठी–इंग्रजी कोश १८१० मध्ये. कोशातले मराठी शब्द मोडी टाइपात आहेत. वैजनाथ शर्मांची सिंहासनबत्तिशी १८१४ ची, हितोपदेश त्याच्या पाठोपाठचा. मुंबईत मराठी छपाई रुळण्याच्या आधी बंगालमध्ये मोडीचे खिळे पाडून मराठी गद्य छापलं जात होतं, ही गोष्ट आपल्याकडच्या पदवीधरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता याचा राष्ट्रीय ग्रंथालयाशी संबंध. १८३६ मध्ये कलकत्ता पब्लिक लायब्ररी सुरू झाली. द्वारकानाथ टागोर तिचे पहिले मालक-सभासद होते. एकरकमी किंवा तीन हप्त्यांत ३०० रुपये भरणाऱ्याला असं सभासद होता येई आणि गरीब विद्यार्थ्यांना ठरावीक मुदतीपुरता फुकट वापर करता येई. त्या वेळी गव्हर्नर जनरलचं काम पाहणाऱ्या मेटकाफनं फोर्ट विल्यम कॉलेजच्या ग्रंथालयातली ४,६७५ पुस्तकं या नव्या लायब्ररीला दिली. आजच्या संग्रहाचा पाया तो. प्यारीचाँद मित्र यांनी दीर्घकाळ तिचं ग्रंथपालपद सांभाळलं आणि १८४४ मध्ये लायब्ररी मेटकाफ हॉलमध्ये गेली. उंच खांबांची ती इमारत स्ट्रँड रोडच्या कोपऱ्यावर अजून उभी आहे. हाताशी एखादी संध्याकाळ असेल तर बघून या.

या थरातलं पुस्तक शोधताना मराठी नावानं सुरुवात करू नका. त्या काळचे कॅटलॉग इंग्रजी शीर्षकांवर चालायचे आणि इंग्रजीत आपली भाषा 'मराठी' नव्हती, 'महराट्टा' होती. त्यामुळे जुनं स्पेलिंग टाकून बघा, कॅरीच्या नावाखाली बघा, छपाईच्या गावाच्या नावाखाली बघा. श्रीरामपूरचं इंग्रजी रूप 'सेरामपोर' असं लिहिलेलं असतं. पुण्यासाठी 'पूना' आणि मुंबईसाठी 'बॉम्बे' हे तर गृहीतच धरा.

फोर्ट विल्यमचं सगळंच इथे आलं नाही हेही लक्षात असू द्या. कॉलेजच्या संग्रहातला मोठा भाग, विशेषतः हस्तलिखितं, पार्क स्ट्रीटवरच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. कॉलेजचं दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. आणि श्रीरामपूर कॉलेजच्या आवारात कॅरी लायब्ररी आहे, हावड्याहून लोकलनं तासाच्या आत पोचता येतं. १८३० च्या आधीच्या मराठी छपाईवर काम करणाऱ्यानं कोलकात्याला जाऊन श्रीरामपूर न करता परत येऊ नये.

दुसरी वाट: सरकारी कपाटं

१८९१ मध्ये कलकत्त्यातल्या निरनिराळ्या सचिवालयांची ग्रंथालयं एकत्र करून इंपीरियल लायब्ररी केली गेली. त्यात गृहखात्याचा संग्रह सगळ्यात महत्त्वाचा. पण ती वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती होती. सामान्य वाचकाला दार बंद. व्हाइसरॉय कर्झननं हे बदललं. एकीकडे कलकत्ता पब्लिक लायब्ररीला उतरती कळा लागलेली, दुसरीकडे हा सरकारी संग्रह कुणाच्या वापरात नसलेला. त्यानं पब्लिक लायब्ररीचे हक्क विकत घेतले, दोन्ही एकत्र केल्या आणि ३० जानेवारी १९०३ रोजी मेटकाफ हॉलमध्येच लायब्ररी लोकांसाठी उघडली. भारताबद्दल आजवर लिहिलं गेलेलं प्रत्येक पुस्तक शक्यतो एका ठिकाणी वाचायला मिळावं, हा तिचा जाहीर हेतू होता. ब्रिटिश म्युझियममधून आलेले जॉन मॅकफार्लेन पहिले ग्रंथपाल आणि त्यांच्यानंतर १९०७ मध्ये हरिनाथ डे, या पदावर आलेले पहिले भारतीय. कितीतरी भाषा येणारा हा माणूस १९११ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला.

'भारताबद्दल लिहिलेलं' या शब्दांवर थांबा. भर इंग्रजीवर होता. म्हणून मराठी मुलखाबद्दलचं इंग्रजी साहित्य या काळातलं उत्तम सापडतं: गॅझेटिअर, जमाबंदीचे अहवाल, दुष्काळाचे अहवाल, शिक्षणखात्याची वार्षिक प्रतिवृत्तं, प्रवासवर्णनं. तुमचा विषय 'एकोणिसाव्या शतकातल्या मराठी शाळा' असेल तर शाळेत शिकवलेलं पुस्तक इथे मिळेल न मिळेल, पण त्या शाळांवर साहेबानं लिहिलेला अहवाल मिळण्याची शक्यता चांगली आहे. असा अहवाल शोधताना लेखकाच्या जागी माणसाचं नाव टाकू नका. मुंबई इलाखा हाच 'लेखक' असतो आणि त्याच्याखाली खात्याचं नाव येतं. ग्रंथपालांना यात काही नवल नाही, पण विद्यार्थी इथेच अडकतात.

तिसरी वाट: घरांतून आलेले संग्रह

मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. राष्ट्रीय ग्रंथालयातल्या भेट-संग्रहांची नावं काढली की आशुतोष मुखर्जींचं नाव पहिलं येतं आणि ते योग्यच आहे. त्यांच्या कुटुंबानं दिलेला संग्रह सुमारे ८०,००० ग्रंथांचा आहे. पण आपल्यासाठी खरं महत्त्व जदुनाथ सरकारांच्या संग्रहाचं. शिवाजी महाराजांवर १९१९ मध्ये ग्रंथ लिहिणारे, रियासतकार सरदेसायांचे आयुष्यभराचे स्नेही जदुनाथ. औरंगजेबाच्या दरबारातली रोजची बातमीपत्रं, ज्यांना अखबारात म्हणतात, त्यांच्या नकला त्यांनी लंडनहून करवून आणल्या होत्या. दक्षिणेतल्या मोहिमा, किल्ले, मराठा सरदारांच्या हालचाली यांची त्यात दिवसागणिक नोंद आहे. मजकूर फारसीत आहे. फारसी येत नसेल तर जाणकार सोबती शोधा किंवा आधी शिकायला लागा. त्यावर दुसरा उपाय नाही, आणि अनुवादावर भागवायचं ठरवलं तर तुम्ही दुसऱ्यानं निवडलेल्या बातम्याच वाचाल.

सुरेंद्रनाथ सेन यांचा संग्रहही इथे आहे. मराठ्यांच्या राज्यकारभारावर इंग्रजीत पायाभूत काम करणारे ते बंगाली इतिहासकार. बंगालमध्ये मराठ्यांची आठवण बर्गींच्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या मराठा घोडेस्वारांच्या, स्वाऱ्यांशी जोडलेली आहे, लेकरांना झोपवतानाच्या गाण्यातही ती येते. त्या प्रदेशातल्या दोन विद्वानांनी मराठ्यांच्या कागदपत्रांना इतकी वर्षं द्यावीत, याबद्दल मला फार आदर आहे.

उदारमतवादी नेते आणि वकील तेजबहादूर सप्रू यांचा पत्रव्यवहार हा आणखी एक खजिना. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असलेले गांधीजी आणि व्हाइसरॉय आयर्विन यांच्यात मध्यस्थी केली ती सप्रू आणि मुकुंदराव जयकरांनी. सप्रूंची कागदपत्रं कोलकात्यात, जयकरांची दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. दोन्ही समोरासमोर ठेवल्याशिवाय त्या वाटाघाटी पुऱ्या समजत नाहीत, तेव्हा प्रवासाचा खर्च मांडताना दिल्लीही धरा.

याशिवाय बर्दवान जिल्ह्यातल्या बुहारचा फारसी-अरबी हस्तलिखितांचा संग्रह आहे, तो १९०४ मध्ये आला. त्याची छापील सूची आहे, ती आधी पाहावी. रामदास सेन, वैयापुरी पिल्लै यांचेही संग्रह आहेत, पण मराठीसाठी त्यांची गरज क्वचितच पडते.

या संग्रहांसाठी एक सूचना. ते पुष्कळदा वेगळे ठेवलेले असतात आणि नेहमीच्या मागणी-चिठ्ठीवर येतीलच असं नाही. निघण्याच्या निदान महिनाभर आधी पत्र किंवा ईमेल पाठवा. विषय काय, कोणता संग्रह हवा, कोणत्या तारखांना येणार, हे तीन ओळींत लिहा आणि सोबत मार्गदर्शकांचं किंवा संस्थेचं पत्र जोडा. हस्तलिखितं आणि दुर्मिळ पुस्तकं हाताळायला परवानगी लागते आणि ती लागावी हेच बरोबर आहे.

चौथी वाट: कायदा

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये इंपीरियल लायब्ररीचं नाव कायद्यानं राष्ट्रीय ग्रंथालय झालं. अलीपूरच्या बेल्व्हेडिअर या वास्तूत, जिथे एके काळी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर राहत, १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझादांनी ते जनतेसाठी खुलं केलं. बी. एस. केशवन तेव्हाचे ग्रंथपाल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतही, संघसूचीच्या ६२ व्या नोंदीत, या ग्रंथालयाचा नावानिशी उल्लेख आहे.

मग आला १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा. भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकानं ३० दिवसांच्या आत, स्वखर्चानं, कोलकात्याला पाठवायची. आणखी एकेक प्रत मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रं आणि नियतकालिकंही आली. म्हणून १९५४ नंतरचं मराठी पुस्तक कोलकात्यात असण्याची शक्यता खूप वाढते. खात्री मात्र नाही. सगळे प्रकाशक पाठवत नाहीत आणि दंडाची रक्कम आजही ५० रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत, एवढीच आहे. खेड्यातल्या लेखकानं स्वतः छापलेला कवितासंग्रह, गावच्या देवस्थानाचा इतिहास, शाळेची स्मरणिका, ही सगळी यातून निसटतात.

या काळासाठी हाताशी ठेवावं असं साधन म्हणजे इंडियन नॅशनल बिब्लिओग्राफी. कायद्यानं आलेल्या पुस्तकांच्या आधारे सेंट्रल रेफरन्स लायब्ररी ती तयार करते आणि १९५८ पासून ती निघते आहे. नोंदीबरोबर पुस्तकाचा विषय सांगणारा ड्यूई पद्धतीचा वर्गांक असतो आणि रंगनाथनांच्या कोलन पद्धतीचाही. त्यात पुस्तक दिसलं तर प्रत कोलकात्याला पोचली होती असं समजायला हरकत नाही.

मधली पोकळी

आता सगळ्यात नाजूक काळ: १८६७ ते १९५४. मराठी छपाईची भरभराट झाली ती याच वर्षांत आणि राष्ट्रीय ग्रंथालयाचा मराठी संग्रह विरळ आहे तोही याच वर्षांत. १८६७ च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्यात छापलेलं पुस्तक इलाख्याच्या सरकारकडे नोंदलं जाई आणि त्यांची त्रैमासिक यादी सरकारी गॅझेटबरोबर प्रसिद्ध होई. निवडक पुस्तकं लंडनला जात. कलकत्त्याला ती आपोआप जात नव्हती. त्यामुळे या काळातल्या एखाद्या नाटकासाठी किंवा पाकशास्त्राच्या पुस्तकासाठी कोलकाता हा पहिला मुक्काम नव्हे.

आधी आपल्याकडे बघा. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ ची आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे आणि १९५४ च्या कायद्याची मुंबईतली प्रत जिला मिळते ती मध्यवर्ती ग्रंथालयाची संस्थाही तिथलीच. पेशवाईसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ. ब्रिटिश म्युझियममध्ये काय पोचलं होतं ते ब्लूमहार्टच्या १८९२ च्या मराठी-गुजराती सूचीत दिसतं. आणि संस्कृती मंत्रालयाच्या इंडियन कल्चर या पोर्टलवर राष्ट्रीय ग्रंथालयातल्या काही दुर्मिळ पुस्तकांची स्कॅन केलेली पानं घरबसल्या मिळतात. तिकीट काढण्याआधी तिथे शोधलं नसेल तर मी विद्यार्थ्याला परत पाठवते.

कॅटलॉगमध्ये नाव कसं टाकायचं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. बहुतेकांची शोधाशोध इथेच फसते.

भारतीय लिप्या रोमनमध्ये लिहिण्याची एक पद्धत या ग्रंथालयाच्याच नावानं ओळखली जाते. जगभरच्या कोशांत आणि व्याकरणांत ती वापरतात. अक्षराला अक्षर अशी ती पद्धत आहे आणि आपण रोज इंग्रजीत जसं नाव लिहितो त्यापेक्षा फार वेगळी. नियम थोडेच आहेत, पाठ करा.

'च' साठी नुसता सी येतो, सीएच येतो तो 'छ' साठी. म्हणून चिपळूणकर सीएचमध्ये सापडत नाहीत, सी-आयमध्ये सापडतात. शब्दाच्या शेवटचा आणि मधला 'अ' आपण बोलताना गिळतो, पण लिहिताना तो राहतो. टिळकांच्या शेवटी के नसतो, के-ए असतो. चिपळूणकरांत 'ळू' च्या आधीचा आणि 'ण' च्या नंतरचा ए धरायचा. 'ळ' म्हणजे खाली टिंब दिलेला एल. 'श' आणि 'ष' दोन्ही एस, एकावर तिरकी रेघ, दुसऱ्याखाली टिंब. पण काही सूच्यांत एसएच दिसतो. दीर्घ स्वरावर आडवी रेघ. शोधताना टिंबं आणि रेघा टाकायची सहसा गरज पडत नाही, अक्षरांची संख्या मात्र बरोबर हवी.

म्हणून प्रत्येक नावासाठी वहीत तीन ओळी करा. देवनागरी, या पद्धतीचं रोमन, आणि लेखक स्वतः इंग्रजीत जसं लिही ते. रानडे, भांडारकर यांची इंग्रजी पुस्तकं तिसऱ्या रूपाखाली असतात आणि मराठी पुस्तकं दुसऱ्या. एकाच माणसाची पुस्तकं दोन ठिकाणी विभागलेली दिसली तर गोंधळू नका. आडनाव आधी टाका, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आद्याक्षरांवर विसंबू नका. टोपणनाव असेल तर चौथी ओळ करा.

जोडनावं आणि 'शास्त्री', 'पंत', 'राव' हे आणखी एक दुखणं. विष्णुशास्त्री सलग लिहिलेलं असेल की तोडून, हे सांगता येत नाही. अशा वेळी नाव सोडा आणि शीर्षकातला असा एक शब्द टाका जो फारसा कुठे येत नाही.

प्रत्यक्ष गेल्यावर

पुण्याहून आझाद हिंद, मुंबईहून गीतांजली, दोन्ही हावड्याला नेतात. ग्रंथालय अलीपूरला, प्राणिसंग्रहालयाच्या जवळ. टॅक्सीवाल्याला 'चिडियाखाना' सांगितलं तर लगेच कळतं. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो मूळ प्रतींसह सोबत ठेवा. वाचनकक्षाच्या सभासदत्वाचे नियम, वेळा आणि सुट्ट्या निघण्याच्या आठवड्यात संकेतस्थळावर पाहून घ्या. ऐकीव माहितीवर जाऊ नका, माझ्याही नाही.

बेल्व्हेडिअरची जुनी हवेली समोर दिसते म्हणून तिकडे वळू नका. पुस्तकं आता आवारातल्या भाषा भवन या नव्या इमारतीत आहेत. हवेलीच्या दुरुस्तीत २०१० मध्ये दार-खिडकी नसलेली एक बंद खोली पुरातत्त्व विभागाला आढळली, वर्तमानपत्रांत गुप्त खजिन्याच्या बातम्या झाल्या आणि शेवटी ती मातीनं भरलेली निघाली. आवार सुमारे ३० एकरांचं आहे, झाडी सुंदर आहे. दुपारच्या सुटीत एक फेरी माराच.

संग्रह २२ लाखांहून जास्त पुस्तकांचा, शिवाय ८६,००० वर नकाशे आणि ३,२०० वर हस्तलिखितं. भारतीय भाषांचे स्वतंत्र विभाग आहेत आणि मराठीचाही आहे. पहिल्या दिवशी संगणकाकडे जाण्याआधी मराठी विभागात जाऊन भेटा. विषय सांगा, यादी दाखवा. भाषा-विभागातल्या माणसाला कपाटं ठाऊक असतात आणि कॅटलॉगमध्ये न आलेल्या गोष्टीही. नमस्कार करून, कामाचं नीट सांगून मदत मागितली की ती मिळते, हा माझा अनुभव आहे.

मागणीच्या चिठ्ठ्या सकाळी पोचल्या पोचल्या द्या. पुस्तक भांडारातून यायला वेळ लागतो, तोवर सूच्या चाळा. सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक पहिल्या चिठ्ठीत, कारण ते 'जागेवर नाही' असा शेरा आला तर पुन्हा विचारायला दिवस हातात राहतो. दुर्मिळ पुस्तकांपाशी पेन नको, शिसपेन ठेवा. पान चुरचुरत असेल तर उलटण्याचा हट्ट सोडा आणि मायक्रोफिल्म किंवा स्कॅन आहे का ते विचारा. शंभर वर्षं टिकलेलं पान आपल्या घाईनं जाऊ नये.

प्रती हव्या असतील तर ग्रंथालयाच्याच सेवेमार्फत अर्ज करा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, त्यामुळे अलीकडच्या पुस्तकाची पूर्ण प्रत मिळणार नाही. आणि शीर्षकपानाची दोन्ही अंगं, प्रस्तावनेची तारीख आणि पुस्तकावरचे जुने शिक्के उतरवून घ्या. शिक्क्यावरून ते पुस्तक कलकत्ता पब्लिक लायब्ररीचं, इंपीरियलचं की कुणाच्या घरचं हे समजतं, आणि मग त्याच वाटेनं आलेली दुसरी पुस्तकं कुठे शोधायची तेही.

तुम्ही स्वतः प्रकाशक असाल तर

गावाचा इतिहास, आजोबांच्या आठवणी, संस्थेचा शताब्दी अंक असं काही छापत असाल, तर छापतानाच चार प्रती बाजूला काढा. कोलकात्याला जाणारी प्रत उत्तम कागदाची, नकाशे आणि चित्रांसह पूर्ण, नीट बांधलेली हवी, असं कायदाच सांगतो. काही न बदलता काढलेल्या पुनर्मुद्रणाला हे लागू नाही, पहिली आवृत्ती पाठवलेली असली म्हणजे झालं. शीर्षकपानावर लेखकाचं पूर्ण नाव, गाव, जिल्हा आणि साल छापा, शक घातलात तरी शेजारी इसवी सन द्या. प्रत नोंदणीसह स्पीड पोस्टानं बेल्व्हेडिअर, अलीपूर या पत्त्यावर राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नावे पाठवा. पोच लेखी देणं ग्रंथालयावर बंधनकारक आहे. ती आली नाही तर पत्र लिहून मागा, आणि काही महिन्यांनी कॅटलॉगमध्ये तिन्ही रूपांत नाव टाकून नोंद झाली का ते पाहा.